चाळीस वर्षांच्या आजाराची नोंदवही

(१९८८ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलताना वेळेअभावी राहून गेलेले काही आकडे इथे घातले आहेत.)



संयोजकांनी आम्हा चार-पाच जणांना सांगितलं की प्रत्येकाने आपल्या क्षेत्रातलं, पण सगळ्यांना कळेल असं काहीतरी वीस मिनिटांत सांगायचं. माझं क्षेत्र संख्याशास्त्र. सत्तावीस वर्षं मी कॉलेजात हा विषय शिकवते आहे, त्यामुळे जेवणानंतरच्या तासाला या विषयावर बोललं की वर्गाचं काय होतं ते मला चांगलं माहीत आहे. तरीही मी आकड्यांबद्दलच बोलणार आहे. फक्त हे आकडे असे आहेत की त्यांत एक ओळ माझी स्वतःची आहे.

सकाळपासून बऱ्याच जणांनी विचारलं, "काठी कशाला? पाय मुरगळला का?" तर ते आधी सांगून टाकते. मला मल्टिपल स्क्लेरोसिस नावाचा आजार आहे. थोडक्यात एमएस म्हणतात. निदान होऊन सतरा वर्षं झाली.

आपल्या मेंदूतून आणि मज्जारज्जूतून संदेश नेणारे जे तंतू असतात, त्यांच्यावर मायलिन नावाचं आवरण असतं. विजेच्या तारेवर असतं तसं. एमएसमध्ये शरीराची स्वतःचीच रोगप्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. जिथे आवरण जातं तिथे संदेश रेंगाळतो किंवा अडतो. कुणाची दृष्टी अंधुक होते, कुणाचे पाय बधिर होतात, कुणाचा तोल जातो, आणि थकवा तर जवळजवळ सगळ्यांनाच असतो. फ्रान्समधल्या शार्को या डॉक्टरांनी १८६८ मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं. तो बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त आढळतो. सुरुवातीला अनेकदा झटका येतो आणि काही आठवड्यांत ओसरतो. त्यामुळे माणसाला वाटतं, झालं बरं.

माझंही तसंच झालं. २००४ मध्ये एका डोळ्याने धूसर दिसायला लागलं, ते महिन्याभरात गेलं. पुढच्या वर्षी कमरेखाली बधिरपणा आला. कुणी ताण म्हणालं, कुणी जीवनसत्त्व कमी आहे म्हणालं. २००६ मध्ये एमआरआय झाला आणि नाव कळलं. माझी मुलगी तेव्हा चार वर्षांची होती. मी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारला, "ही दहावीला जाईल तेव्हा मी चालत असेन का?"

ते प्रामाणिक गृहस्थ होते. म्हणाले, "तुमचं एकटीचं मला सांगता येणार नाही. तुमच्यासारख्या हजार जणींचं काय झालं, ते मात्र सांगता येईल."

ही हजार जणींची माहिती येते कुठून, ती गोळा कोण करतं, आणि ती आपल्याकडे इतकी कमी का आहे, हा माझा आजचा विषय.

आपल्या शाळेत जनरल रजिस्टर होतं, आठवतं? प्रत्येक मुलाला एक नंबर, जन्मतारीख, कोणत्या इयत्तेत आला, कधी गेला, का गेला. आपला शाळा सोडल्याचा दाखला त्यातूनच निघाला. आजारासाठी असं रजिस्टर ठेवलं की तिला रुग्णनोंदवही म्हणायचं. डॉक्टर लोक तिला रजिस्ट्री म्हणतात. दवाखान्याचा केसपेपर एका रुग्णाचा आणि एका दवाखान्याचा असतो, आणि त्यात प्रत्येक डॉक्टर आपापल्या पद्धतीने लिहितो. नोंदवहीत सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, वर्षानुवर्षं विचारले जातात. पहिलं लक्षण कधी आलं? झटके किती? औषध कोणतं, कधी सुरू केलं, कधी थांबवलं आणि का? मूल झालं का? नोकरी चालू आहे का? किती अंतर चालता येतं?

चालण्यासाठी तर एक मोजपट्टीच आहे. अमेरिकेतले डॉक्टर जॉन कुर्त्झके यांनी ती १९८३ मध्ये आजच्या रूपात मांडली. शून्य म्हणजे काही त्रास नाही, दहा म्हणजे एमएसमुळे मृत्यू. काठीच्या आधाराने शंभर मीटर चालता येत असेल तर सहा. मी सध्या सहावर आहे. गणिताच्या सरांना सांगते, माझ्या आयुष्यात कमी मार्क मिळाल्याचा आनंद व्हावा अशी ही एकच परीक्षा.

आता कुणी म्हणेल, औषधांच्या चाचण्या होतात की, मग वेगळी नोंदवही कशाला? चाचणी हवीच. पण ती साधारण दोन-तीन वर्षं चालते. तिच्यात काही शे किंवा हजार-दीड हजार माणसं असतात, तीही ठरावीक वयाची आणि दुसरा मोठा आजार नसलेली, अशी निवडून घेतलेली. एमएस हा तीस-चाळीस वर्षं सोबत राहणारा आजार आहे. या आजाराचा मार्ग बदलणाऱ्या पहिल्या औषधाला, म्हणजे इंटरफेरॉनला, अमेरिकेत १९९३ मध्ये मान्यता मिळाली. ते घेतलेल्या बाईचं वीस वर्षांनी काय झालं, तिला मूल झालं तेव्हा काय झालं, साठीत काय झालं, हे दोन वर्षांच्या चाचणीला कळणं शक्य नाही. त्यासाठी कुणीतरी वीस वर्षं लिहीत बसावं लागतं.

असं लिहीत बसलेला पहिला देश डेन्मार्क. तिथे १९४९ मध्ये देशभरातल्या एमएसच्या रुग्णांची मोजणी झाली आणि तिच्या आधारावर १९५६ मध्ये राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. ती आजही चालू आहे. १९६८ पासून तिथे प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक मिळाला, त्यामुळे एमएसची नोंद रुग्णालयांच्या आणि मृत्यूच्या नोंदींशी जोडता येऊ लागली. म्हणजे माणूस गाव बदलो, डॉक्टर बदलो, नोंद सुटत नाही.

या नोंदवहीने काय दिलं? २००४ मध्ये तिच्यातल्या सुमारे ९,९०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांचा आजार १९४९ ते १९९६ या काळात सुरू झालेला होता. निष्कर्ष असा की एमएस असलेल्यांचं आयुष्य इतरांपेक्षा सरासरी सुमारे दहा वर्षांनी कमी भरतं, आणि ही तफावत नंतरच्या काळात आजार सुरू झालेल्यांमध्ये कमी होत गेली आहे. दहा वर्षं ही काही थोडी गोष्ट नाही. पण माझ्या निदानानंतर घरी भेटायला येणारी माणसं ज्या चेहऱ्याने यायची, त्यांच्या मनात दहा वर्षं कमी नव्हती, दोन-तीन वर्षं उरली असं होतं. त्या एका आकड्याने मी पुढचं आयुष्य आखलं. नोकरी सोडली नाही, पुण्यातलं घर तिसऱ्या मजल्यावरून तळमजल्यावर आणलं, आणि भविष्यनिर्वाह निधीला हात लावला नाही.

त्याच नोंदवहीतून दुसरी एक गोष्ट पुढे आली. १९५० च्या दशकापासून पुढच्या पन्नास-साठ वर्षांत डेन्मार्कमध्ये बायकांमध्ये दर वर्षी नव्याने होणाऱ्या एमएसचं प्रमाण दुपटीहून जास्त झालं. पुरुषांमध्ये वाढ झाली, पण बरीच कमी. आता पन्नास वर्षांत माणसाची जनुकं काही बदलत नाहीत. म्हणजे राहणीमानात, परिसरात काहीतरी बदललं, आणि ते बायकांच्या बाबतीत जास्त बदललं. ते नेमकं काय, याचा शोध चालू आहे. पण शोधायचं कुठे, ही दिशा कुण्या प्रयोगशाळेने दिलेली नाही. साठ वर्षं एकाच पद्धतीने भरलेल्या रकान्यांनी ती दिली.

तिसरं उदाहरण बायकांच्या फार जिव्हाळ्याचं आहे. एमएस असलेल्या मुलींना अनेक वर्षं सांगितलं जायचं की मूल होऊ देऊ नका, आजार बळावेल. मलाही दुसऱ्या मुलाबद्दल असंच सांगणारे भेटले. फ्रान्समधल्या लियों शहरात डॉ. क्रिस्तियाँ काँफाव्हरे यांनी सत्तरच्या दशकापासून रुग्णांच्या नोंदी एका साच्यात ठेवायला सुरुवात केली होती आणि पुढे त्याच साच्यावर युरोपभरच्या केंद्रांचं जाळं तयार झालं. त्यांच्या पुढाकाराने १२ युरोपीय देशांतल्या २५४ बायकांच्या २६९ गरोदरपणांचा पाठपुरावा झाला. १९९८ मध्ये निष्कर्ष आले. गरोदरपणाआधी दर बाईमागे वर्षाला सरासरी ०.७ झटके, शेवटच्या तिमाहीत ते ०.२ इतके खाली, आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत १.२ पर्यंत वर.

म्हणजे गरोदरपणात आजार शांत होतो, जपायचं ते बाळंतपणानंतर. या एका माहितीने किती घरांमधलं बोलणं बदललं असेल, याचा विचार करा. "मूल नको" याऐवजी "पहिले तीन महिने माहेरी राहा, रात्रीच्या जागरणाला कुणीतरी सोबत ठेवा, आणि औषध परत कधी सुरू करायचं ते डॉक्टरांशी आधीच ठरवा" असं सांगता येऊ लागलं. याच गटाने २००१ मध्ये लसीकरणाचाही प्रश्न सोडवला. झटका आलेल्या ६४३ रुग्णांच्या नोंदी तपासून त्यांनी दाखवलं की लस घेतल्यामुळे झटक्याचा धोका वाढल्याचं दिसत नाही.

चौथं उदाहरण औषधाच्या सुरक्षिततेचं. नॅटॅलिझुमॅब नावाचं एक प्रभावी औषध आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली आणि फेब्रुवारी २००५ मध्ये, म्हणजे तीनच महिन्यांत, ते बाजारातून मागे घेतलं गेलं. काही रुग्णांना त्यामुळे मेंदूचा एक दुर्मीळ आणि जीवघेणा विषाणूसंसर्ग झाला होता. पण ज्यांना त्या औषधाने उभं केलं होतं, ते रुग्ण म्हणू लागले की आम्हाला धोका मान्य आहे, औषध परत द्या. २००६ मध्ये ते परत आलं, एका अटीवर. अमेरिकेत ते घेणाऱ्या प्रत्येकाची, देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरची आणि केंद्राची नोंद सक्तीची.

त्या सक्तीच्या नोंदवहीमुळे, स्वीडनच्या राष्ट्रीय नोंदवहीमुळे आणि इतर माहितीमुळे २०१२ पर्यंत चित्र स्पष्ट झालं. जवळजवळ एक लाख रुग्णांनी औषध घेतलं होतं आणि २१२ जणांना तो संसर्ग झाला होता. महत्त्वाचं हे की धोका सगळ्यांना सारखा नव्हता. ज्यांच्या रक्तात त्या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं नव्हती, त्यांच्यात दर हजारी ०.०९ किंवा त्याहूनही कमी. ज्यांच्यात ती होती, ज्यांनी आधी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेतली होती आणि ज्यांना हे औषध सुरू होऊन दोन वर्षं उलटली होती, त्यांच्यात दर हजारी सुमारे ११. शंभरपटीहून मोठा फरक. आता रक्त तपासून ठरवता येतं, कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही. पुढे २०१९ मध्ये त्याच नोंदवहीतून दिसलं की चार आठवड्यांऐवजी सहा आठवड्यांच्या आसपास अंतर ठेवून इंजेक्शन दिलं तर धोका बराच कमी होतो. एक औषध कायमचं कपाटात गेलं असतं, ते नोंदींमुळे योग्य माणसांपर्यंत पोचलं.

इथवर नोंदवहीचं कौतुक झालं. आता संख्याशास्त्राची शिक्षिका म्हणून तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात, आणि त्यासाठी उदाहरण आपल्याच मेळाव्याचं घेते.

आपल्या तुकडीत आपण ७२ जण होतो. संयोजकांनी सहा महिने फोनाफोनी करून, गावोगावी निरोप पाठवून यादी केली. पाच जण आज आपल्यात नाहीत, त्यांना आपण सकाळी श्रद्धांजली वाहिली. नऊ जणांचा पत्ताच लागला नाही. उरलेल्या ५८ पैकी आज आलोत ४१. आता मी जर या सभागृहात कागद फिरवून विचारलं की तब्येत कशी आहे, घर स्वतःचं आहे का, मुलं काय करतात, तर निष्कर्ष निघेल की अठ्ठ्याऐंशीची तुकडी अगदी मजेत आहे. पण ज्यांना सुट्टी मिळाली नाही, ज्यांना प्रवास झेपत नाही, ज्यांना आपल्यासमोर यायला संकोच वाटला, ते या कागदावर नाहीत. न आलेल्या सतरा आणि न सापडलेल्या नऊ जणांना विचारल्याशिवाय तुकडीचा खरा हिशोब लागत नाही.

नोंदवहीत हेच होतं. ज्याला बरं वाटतं तो यायचा थांबतो, कारण त्याला गरज वाटत नाही. जो फार खालावतो तोही थांबतो, कारण त्याला येता येत नाही. मधले तेवढे उरतात, आणि त्यांच्यावरून आपण सगळ्यांबद्दल बोलायला लागतो.

दुसरी अडचण शिकवणीची. वर्गात शिकवणी कुणाला लावतात? बहुधा ज्याला मार्क कमी पडतात त्याला. मग वर्षअखेरीला मोजलं तर शिकवणीवाल्यांचे मार्क इतरांपेक्षा कमीच निघतील. म्हणून शिकवणीने मार्क कमी होतात असं म्हणायचं का? औषधाचंही तसंच. आजार जोरात आहे त्यालाच जोरकस औषध दिलं जातं. २०१२ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या नोंदींवरून एक अभ्यास आला की इंटरफेरॉन घेतलेल्यांमध्ये अपंगत्व वाढण्याचा वेग कमी झाल्याचं दिसत नाही. मोठी चर्चा झाली. औषध घेणारे आणि न घेणारे मुळात सारखे होते का, यावर खल झाला. पुढे २०१९ मध्ये एमएसबेस या नोंदवहीवरून वेगळं चित्र आलं. ही नोंदवही २००४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्नहून सुरू झाली आणि अनेक देशांतले डॉक्टर तिच्यात नोंदी भरतात. २१ देशांतल्या १,५५५ रुग्णांची काळजीपूर्वक जोड्या लावून तुलना केली तेव्हा दिसलं की ज्यांचे उपचार लवकर सुरू झाले, त्यांचा आजार पुढच्या, हळूहळू खालावणाऱ्या टप्प्यात जाण्याची शक्यता कमी होती. यावरून मी एवढंच म्हणेन की नोंदवही ही साक्षीदार आहे. तिची उलटतपासणी करावी लागते.

स्वीडनने ही उलटतपासणी कशी करावी ते दाखवलं. रिटुक्सिमॅब हे मूळ लिम्फोमा या कर्करोगाचं औषध. स्वीडनमधले डॉक्टर ते एमएससाठी वापरू लागले, कारण ते तुलनेने स्वस्त होतं आणि गुण दिसत होता. जुन्या औषधावर एमएससाठी मोठी चाचणी करायला पैसा लावण्यात औषध कंपनीला फारसा रस नसतो. पण राष्ट्रीय नोंदवहीत हजारो नोंदी साठत होत्या, आणि त्या म्हणत होत्या की इतर सुरुवातीच्या औषधांपेक्षा हे जास्त टिकतं. तेवढ्यावर न थांबता त्यांनी रीतसर चाचणी केली. २०२२ मध्ये निकाल आला. दोन वर्षांत रिटुक्सिमॅब घेणाऱ्यांपैकी ३ टक्के जणांना झटका आला, तुलनेसाठी दिलेलं दुसरं औषध घेणाऱ्यांपैकी १६ टक्के जणांना. नोंदवहीने प्रश्न नेमका करून दिला, चाचणीने उत्तर पक्कं केलं. रिटुक्सिमॅब भारतातही तयार होतं आणि आपल्याकडचे अनेक डॉक्टर ते वापरतात. पगारदार घरात महागडं औषध परवडण्याचा प्रश्न काय असतो हे मी वेगळं सांगायला नको. स्वीडनमधल्या लोकांनी भरलेल्या फॉर्मांचा फायदा आज सोलापूरच्या आणि साताऱ्याच्या रुग्णाला होतो आहे.

मग आपण काय देतो आहोत?

अगदीच काही नाही असं नाही. मुंबईत डॉ. नोशीर वाडिया आणि इतर मेंदूविकारतज्ज्ञांनी ऐंशीच्या दशकात पारशी समाजात मोजणी केली. तिथे एमएसचं प्रमाण लाखामागे विसाहून अधिक निघालं. त्या काळी भारतात हा आजार फार दुर्मीळ समजला जायचा, त्या मानाने हे खूपच जास्त होतं. छोटा समाज, बांधीव वस्ती, आपली माणसं मोजण्याची सवय, म्हणून ते शक्य झालं. १९८५ मध्ये मुंबईत मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. मंगळूरमध्ये डॉ. लेखा पंडित यांनी चिकाटीने नोंदवही उभी केली आणि शहरातली मोजणी केली. ती लाखामागे आठच्या आसपास आली. आठ हा आकडा लहान वाटेल, पण आपल्या देशाच्या लोकसंख्येला तो लावून पाहा. अर्थात एका शहराचा आकडा साऱ्या देशाला लावणं हेही धाडसाचंच, आणि म्हणूनच ठिकठिकाणच्या नोंदी हव्यात.

आपल्याकडच्या नोंदी आपल्याच असायला हव्यात याला आणखी एक कारण आहे. एमएससारखाच दिसणारा, पण वेगळा असा एक आजार आहे, एनएमओ. तोही डोळ्यांच्या नसेवर आणि मज्जारज्जूवर येतो. त्याची ओळख पटवणारं प्रतिपिंड २००४ मध्ये सापडलं. एमएसची काही औषधं एनएमओच्या रुग्णाला अपाय करू शकतात. युरोपातल्या गोऱ्या लोकांमध्ये एमएसच्या तुलनेत एनएमओ अगदी कमी, आशियात मात्र त्याचा वाटा बराच मोठा. डेन्मार्कची वही कितीही चांगली असली तरी हा प्रश्न ती आपल्यासाठी सोडवू शकत नाही. २०२१ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मदतीने, दिल्लीच्या एम्सच्या पुढाकाराने, एमएस आणि त्यासारख्या आजारांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली, ही म्हणूनच फार मोठी गोष्ट आहे.

पण वही छापली म्हणजे ती भरते असं नाही. आमच्या रुग्णगटात एका मुलीची आई मला म्हणाली, "बाई, तुम्ही सांगता ते पटतं. पण हिचं लग्न जमेपर्यंत नाव कुठे नको." मी तिला दोष देऊ शकले नाही. हा आजार येतोच लग्नाच्या वयात. औषधं दुसऱ्या गावातून आणायची, फाईल कपाटात कपड्यांखाली ठेवायची, सासरी कळू द्यायचं नाही. अशी मुलगी नोंदवहीत येत नाही. मग पुढच्या डॉक्टरांना वाटतं, आपल्याकडे तरुण मुलींमध्ये हे फारसं नसावं. सरकारला वाटतं, इतक्या थोड्या लोकांसाठी औषधाची सोय कशाला? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे, प्रमाणपत्र मिळू शकतं. पण ज्याचं नावच कुठे नाही, त्याच्यासाठी कायद्यातली ओळ असून काय उपयोग?

म्हणून आता तुमच्याकडे काही मागणं आहे. वर्गणी नाही, घाबरू नका.

आपल्यात चार डॉक्टर आहेत. तुम्हाला विनंती, की बाह्यरुग्ण विभागात कितीही गर्दी असली तरी पहिल्या लक्षणाची तारीख नीट विचारून लिहा. "बऱ्याच दिवसांपासून" असं लिहू नका. आणि रुग्ण यायचा थांबला तर एक फोन करायला कुणाला तरी सांगा.

आपल्यात संगणकातले सात-आठ जण आहेत. ब्रिटनमध्ये २०११ पासून एक नोंदवही चालते, तिच्यात रुग्ण स्वतः घरी बसून आपली माहिती भरतात. अमेरिकेतही नव्वदच्या दशकापासून रुग्णांनी स्वतः भरायची नोंदवही आहे. काठी घेऊन चार जिने चढण्यापेक्षा मोबाइलवर मराठीत दहा प्रश्नांची उत्तरं देणं सोपं. असं काही साधं, आपल्या भाषेतलं, तुम्ही करू शकता.

तुमच्यापैकी ज्यांना मधुमेह, किडनीचा त्रास, कर्करोग, काहीही दीर्घ आजार असेल, त्यांना विचारलं गेलं की "तुमची माहिती नोंदवहीत घेऊ का?" तर आधी तीन प्रश्न विचारा. माहिती कोणाकडे राहणार? नाव काढून टाकणार का? उद्या मला बाहेर पडायचं असेल तर पडता येईल का? २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला आहे, हे विचारणं तुमचा हक्क आहे. उत्तरं समाधानकारक असतील तर हो म्हणा. आणि एकदा हो म्हटलं की बरं वाटतं म्हणून जाणं थांबवू नका. बरं असणं हीसुद्धा नोंद आहे. फोन नंबर बदलला तर कळवा.

आणि घरात, नात्यात कुणा तरुण मुलीला एका डोळ्याने अचानक अंधुक दिसलं, किंवा हातपाय बधिर होऊन काही आठवड्यांत आपोआप बरं झालं, तर "गेलं ना, मग सोड" म्हणू नका. मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवा. लग्नाची बोलणी चालू असली तरी दाखवा.

माझ्या प्रश्नाचं उत्तर काय आलं ते सांगायचं राहिलं. मुलगी २०१८ मध्ये दहावीला बसली. तिला परीक्षा केंद्रावर सोडायला मी गेले होते, माझ्या पायांनी, तिच्या बाबांचा हात धरून. माझी ती ओळही नोंदवहीत आहे, वर्ष आणि गुणांक धरून. नावाशिवाय.

सरांनी घड्याळाकडे पाहिलं, म्हणजे वेळ संपली. शंका असतील तर चहाच्या वेळी विचारा. मी इथेच खुर्चीवर बसलेली असेन, तुम्हीच माझ्याकडे या.